आइसलंडांतील इ. स. १७८३ चा दाहक पाऊस : एका पाद्र्याची साक्ष व रसायनशास्त्राचा निर्णय

ऐतिहासिक साधनांची छाननी करितांना आम्ही सामान्यतः असा क्रम ठेवितों कीं, राजकारण, वसूल, लढाई किंवा तह यांविषयींचें विधान आलें म्हणजे तें दुसऱ्या कागदाशीं ताडून पाहावयाचें. परंतु आकाशांतून कांहीं विलक्षण पडल्याचें, पाण्याचा रंग पालटल्याचें किंवा उभें गवत करपून गेल्याचें विधान आलें म्हणजे तें लेखकाच्या भाविकपणाच्या खातीं जमा करून पुढें जावयाचें. आमच्या बखरींतून उत्पातांचीं जीं वर्णनें येतात, त्यांची बहुधा हीच वाट लागते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत उत्पातांचा स्वतंत्र अध्याय असून त्यांत विकृत वृष्टीचीं फळें सांगितलीं आहेत. त्यामुळें अशा प्रकारचा मजकूर दिसला कीं तो शास्त्रग्रंथांतून उचललेला ठरीव सांचा आहे, असें समजणें सोपें जातें. ही सावधगिरी निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तिचा अतिरेक झाला म्हणजे खोट्या साक्षीबरोबर खरी साक्षही बाहेर टाकली जाते. असें होऊं नये म्हणून साक्षीची परीक्षा कशी करावी, हें दाखविण्यास एक परदेशांतील प्रकरण फार उपयोगी आहे. तें आइसलंडांतील इ. स. १७८३ च्या ज्वालामुखीच्या उद्रेकाचें व त्या वेळीं पडलेल्या पावसाचें होय. त्याचा विचार येथें करावयाचें योजिलें आहे.

आइसलंड हें उत्तर अटलांटिक महासागरांतील बेट. अठराव्या शतकांत तें डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखालीं होतें. वस्ती सुमारें पन्नास हजार; उपजीविका मुख्यतः मेंढ्या, गुरें व मासेमारी यांवर. बेटाच्या दक्षिण भागांत सीदा नांवाचा परगणा आहे. त्याच्या उत्तरेस असलेल्या ओसाड डोंगराळ प्रदेशांत लाकी नांवाचा एक डोंगर असून त्याच्या दोन्ही अंगांस ता. ८ जून १७८३ रोजीं जमीन फाटली. शंकूच्या आकाराचा एक पर्वत आणि त्याच्या माथ्यावर एक धुमसणारें मुख, असें चित्र वाचकांनीं येथें डोळ्यांपुढें आणूं नये. ही सुमारें २७ किलोमीटर लांबीची भेग होती व तिच्यावर शंभराहून अधिक मुखें एकामागून एक उघडत गेलीं. उद्रेक ता. ७ फेब्रुवारी १७८४ पर्यंत, म्हणजे आठ महिने, चालू राहिला. तेवढ्या अवधींत सुमारें १५ घन किलोमीटर लाव्हारस बाहेर पडून त्यानें सुमारें ६०० चौरस किलोमीटर भूमि व्यापिली. तथापि देशाचा जो संहार झाला तो लाव्हारसानें झाला नाहीं. त्यांत सांपडून माणसें मेल्याची नोंद नाहीं म्हटलें तरी चालेल. संहार झाला तो हवेनें, पाण्यानें व गवतानें. आइसलंडच्या इतिहासांत या काळास जें नांव पडलें आहे, त्याचा अर्थच मुळीं ‘धुक्याचे हालाचे दिवस’ असा आहे. मेंढ्यांपैकीं सुमारें तीन चतुर्थांश व गुरांपैकीं सुमारें निम्मीं मेलीं. आणि त्यापाठीमागून आलेल्या उपासमारींत व रोगराईंत एकंदर लोकसंख्येचा सुमारें पांचवा हिस्सा नाहींसा झाला.

या प्रकरणांतील मुख्य साक्षीदार योन स्टेनग्रिम्सन नांवाचा लूथरपंथी पाद्री होय. त्याचा जन्म इ. स. १७२८ चा व मृत्यु १७९१ चा. सीदा परगण्यांतील क्लाउस्तुर येथील चर्चचा उपदेशक म्हणून तो काम करीत असे व आसपासच्या लोकांस औषधही देत असे. ता. २० जुलै १७८३ रोजीं लाव्हारसाचा लोट स्काफ्ता नदीच्या पात्रांतून गांवाच्या दिशेनें येत असतां त्यानें लोकांस चर्चमध्यें जमवून प्रार्थना चालविली, आणि लोट गांवापर्यंत न पोंचतां थांबला. यावरून त्यास ‘अग्निपाद्री’ असें नांव पडलें. पुढें कोपनहेगनहून संकटग्रस्तांसाठीं आलेली मोहोरबंद रक्कम परगण्याच्या अधिकाऱ्याकडे पोंचविण्याचें काम त्याच्याकडे आलें असतां त्यानें मोहोर फोडून वाटेंतच कांहीं पैसा उपाशी लोकांस वांटला व त्याबद्दल दंड आणि जाहीर क्षमायाचना पत्करली. त्या संकटकाळींच त्याची पत्नीही वारली. उद्रेकाची समग्र हकीकत त्यानें इ. स. १७८८ मध्यें लिहून पुरी केली. आमच्या विषयापुरतीं तिच्यांतील विधानें अशीं आहेत.

पहिलें विधान असें कीं, उद्रेकाच्या आरंभीच्या दिवसांत जो पाऊस पडला, त्याचे थेंब डोळ्यांस व उघड्या अंगास झोंबत. आमच्याकडील चुक्याच्या जातीची एक रुंद पानांची वनस्पति तिकडे होते, तिच्या पानांस त्या थेंबांनीं भोंकें पडलीं. व नुकतीच लोंकर कातरलेल्या मेंढ्यांच्या कातडीवर भाजल्यासारखे डाग उठले. दुसरें असें कीं, पावसांत गंधक व सोरा भरलेला असून तो वाळूशीं मिसळून येई, आणि त्याबरोबर राख व केसांसारखे बारीक कांचेचे तंतुही पडत. तिसरें असें कीं, गवतावर चालणाऱ्या व चरणाऱ्या जनावरांचीं तोंडें, नाकपुड्या व पाय पिंवळे पडून सोलवटून निघाले, आणि वनस्पति एकामागून एक करपून करड्या झाल्या. चौथें असें कीं, जीं जनावरें त्यांतून जगलीं, त्यांच्या हाडांवर व सांध्यांवर गांठी आल्या आणि दांत विकृत झाले.

आतां या साक्षीवर उलटतपासणी करणाऱ्यानें कोणते आक्षेप घ्यावे? एक, हकीकत पुरी झाली ती घटनेनंतर पांच वर्षांनीं. दोन, लेखक धर्मोपदेशक असून हा सर्व प्रकार लोकांच्या पापाबद्दल ईश्वरानें दिलेली शिक्षा आहे असें तो उघड मानतो. अर्थात् शिक्षा जितकी भयंकर दिसेल तितकी त्यास इष्टच. तीन, त्याच उन्हाळ्यांत युरोपांत जे विद्वान् आकाशाचें निरीक्षण करीत होते, त्यांनीं गंधकाच्या वासाचें एक विलक्षण धुकें वर्णिलें आहे, तेंही कोरडें. मेंढ्यांस भाजणारा पाऊस त्यांस आढळला नाहीं. चार, पाऊस म्हणजे पाणी. पाण्यानें पानास भोंक कसें पडावें? हे आक्षेप पोरकट नाहींत, आणि ज्या काळीं हकीकत लिहिली गेली त्या काळीं शेवटच्या आक्षेपास समाधानकारक उत्तर देणें कोणासही शक्य नव्हतें. पाणी हें मूलतत्त्व नसून दोन वायूंच्या संयोगानें होतें, हें लाव्हाझिए व लाप्लास यांनीं पॅरिस येथें प्रयोगानें दाखविलें तेंच मुळीं ता. २४ जून १७८३ रोजीं, म्हणजे लाकीचा उद्रेक सुरू होऊन सोळा दिवस झाल्यावर.

शेवटच्या आक्षेपापासूनच आरंभ करूं. पावसाचें पाणी म्हणून सर्व सारखें नव्हे, ही कल्पना आमच्या वाचकांस नवीन वाटण्याचें कारण नाहीं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत द्रवद्रव्यांचा विचार करितांना आकाशांतून पडणाऱ्या पाण्याचे गांग व सामुद्र असे दोन भेद केले आहेत आणि ते ओळखण्याची परीक्षाही दिली आहे. शिजलेल्या साळीच्या भाताचा गोळा रुप्याच्या भांड्यांत घालून पाऊस पडत असतां बाहेर ठेवावा. मुहूर्तभर तो जशाचा तसा राहिला तर पाणी गांग, म्हणजे घेण्याजोगें. रंग पालटला किंवा शितें विरघळून चिकट झालीं तर सामुद्र, म्हणजे टाकण्याजोगें. यावरून सुश्रुतास आम्लवृष्टि ठाऊक होती असें अनुमान काढणें हें आमच्या मतें शास्त्राचा गौरव नसून त्याची विटंबना होईल. घेण्याजोगा भाग एवढाच कीं, पावसाचें पाणी परीक्षेवांचून शुद्ध मानूं नये व परीक्षा करावयाची ती दुसऱ्या पदार्थावर होणाऱ्या परिणामावरून करावी. आइसलंडांतील पाद्र्यापाशीं रुप्याचें भांडें व भाताचा गोळा नव्हता. परंतु चुक्याचें पान व मेंढीची कातडी या दोन वस्तूंनीं नकळत तेंच काम केलें.

आधुनिक रसायनशास्त्राची परीक्षा अधिक सूक्ष्म आहे. पाण्याची आम्लता मोजण्याचें पीएच नांवाचें जें मान आज सर्वत्र रूढ आहे, तें सोरेन्सन नामक शास्त्रज्ञानें इ. स. १९०९ मध्यें कोपनहेगन येथें प्रचारांत आणलें. ज्या राजधानीकडे आइसलंडच्या दुर्दशेचे अहवाल गेले, तिच्यांतच सव्वाशें वर्षांनीं त्यांच्या परीक्षेचें माप तयार झालें. या मानांत शुद्ध व उदासीन पाण्याचा अंक ७ असून आम्लता वाढेल तसा अंक उतरतो, आणि एक अंक उतरला कीं आम्लता दसपट होते. निर्मळ हवेंतून पडणारा पाऊससुद्धां ७ वर राहत नाहीं. हवेंतील कार्बन डायॉक्साइड त्यांत विरघळून अंक सुमारें ५·६ वर येतो. जागृत ज्वालामुखीच्या धुरांतून उतरणाऱ्या पावसाचा अंक ४ च्या खालीं जातो व प्रसंगीं ३ च्याही खालीं जातो. म्हणजे तो साध्या पावसाच्या शेंकडों पट आंबट होऊन शिरक्याच्या पंक्तीस येऊन बसतो.

असें कां होतें हें समजण्यास ज्वालामुखीच्या श्वासांत काय असतें तें पाहिलें पाहिजे. त्यांत सर्वांत अधिक पाण्याची वाफ असते. तिच्या खालोखाल कार्बन डायॉक्साइड व सल्फर डायॉक्साइड. आणि त्यांच्याबरोबर हायड्रोजन क्लोराइड व हायड्रोजन फ्लोराइड हे दोन वायु. यांपैकीं शेवटचे दोन पाण्याचे अत्यंत लोभी आहेत. ढगाचा किंवा पावसाचा थेंब भेटला कीं ते तत्क्षणीं त्यांत विरघळतात व थेंब तीव्र आम्लयुक्त होतो. सल्फर डायॉक्साइडची रीत निराळी. तो पाण्यांत विरघळतो खरा, परंतु त्याचें गंधकाचें तेजाब होण्यास प्राणवायूशीं आणखी संयोग व्हावा लागतो, आणि त्यास वेळ लागतो. तितक्या वेळांत वारा त्यास शेंकडों व हजारों किलोमीटर दूर नेतो. सिसिलींतील एटना पर्वताभोंवतीं पावसाचें पाणी नियमानें गोळा करून जें पृथक्करण झालें आहे, त्यांतही हाच नियम दिसून येतो कीं, मुखाजवळच्या पावसांत क्लोरिन व फ्लोरिन यांचें प्राबल्य असतें आणि गंधकाचा बराच मोठा भाग दूर निघून जातो.

हा नियम हातीं आला म्हणजे पाद्र्याचीं विधानें एकेक करून उलगडूं लागतात. पानांचीं भोंकें घ्या. मुसळधार पावसांत पाणी पुष्कळ असल्यानें आम्ल पातळ होतें व वाहून जातें. उलट झिमझिम पडणारा बारीक थेंब धुरांतून हळूहळू उतरत असतां अधिक आम्ल शोषून घेतो. असा थेंब रुंद पानाच्या खोलगट भागांत थांबला व त्यांतील पाणी उडून जाऊं लागलें म्हणजे आम्ल मागें राहून उत्तरोत्तर तीव्र होत जातें, आणि तेवढ्याच जागीं पान जळतें. अरुंद गवताच्या पात्यावरून थेंब ओघळतो, म्हणून गवत सरसकट करपतें, त्यास भोंकें पडत नाहींत. मेंढ्यांविषयींही तोच प्रकार. लोंकर अंगावर असलेल्या मेंढीची कातडी झांकलेली असते; लेखकानें डाग सांगितले ते नुकत्याच कातरलेल्या मेंढ्यांवर. एखाद्यास केवळ ईश्वरी कोपाचें भयानक चित्र रंगवावयाचें असतें, तर ‘नुकतीच लोंकर कातरलेल्या’ हें विशेषण त्यास सुचलें नसतें. या एका विशेषणास आम्ही फार महत्त्व देतों. कल्पनेनें लिहिणारा सर्व मेंढ्या भाजवितो. पाहून लिहिणारा कोणत्या भाजल्या तें सांगतो.

सोऱ्याच्या उल्लेखाविषयीं मात्र थोडें जपून बोललें पाहिजे. लेखकाच्या काळीं हायड्रोक्लोरिक व हायड्रोफ्लुओरिक आम्ल हे शब्द त्याच्या भाषेंत नव्हते. गंधक, मीठ व सोरा हीं त्यास परिचित असलेलीं झोंबणाऱ्या द्रव्यांचीं नांवें. तेव्हां ‘गंधक व सोरा’ याचा अर्थ प्रयोगशाळेंतील पृथक्करण असा न करितां, तीव्र वास व झोंबणारा गुण असलेलें द्रव्य, एवढाच करावा. जुन्या कागदांतील द्रव्यवाचक शब्दांस आजच्या कोशांतील अर्थ चिकटविणें हा दोष आहे. आणि तो अर्थ जुळत नाहीं म्हणून साक्षच खोटी ठरविणें हा त्याहून मोठा दोष आहे.

चौथें विधान, म्हणजे जनावरांच्या हाडांचें व दांतांचें, सर्वांत अधिक अद्भुत दिसतें आणि तेंच सर्वांत अधिक सप्रमाण ठरलें आहे. आइसलंडांतील शेतकऱ्यांस ज्वालामुखीच्या राखेनंतर मेंढ्यांच्या दांतांवर अणकुचीदार वाढ होणें हा रोग पूर्वींपासून ठाऊक होता व त्यास त्यांच्या भाषेंत नांवही होतें. त्याचें कारण फ्लोरिन होय. फ्लोरिन कांहीं अंशीं पावसांत विरघळून येतो व कांहीं अंशीं राखेच्या कणांस चिकटून येतो. राख जितकी बारीक तितका तिचा पृष्ठभाग अधिक व तितका ती अधिक फ्लोरिन वाहून नेते. त्यामुळें मुखापासून दूर, जेथें राखेचा केवळ हात फिरल्यासारखा थर पडतो, तेथेंही गवत विषारी होऊं शकतें. पुढच्या सरीनें हें विष धुवून पाण्यांत व मातींत उतरतें. जनावराच्या पोटांत गेल्यावर फ्लोरिन शरीरांतील कॅल्शियमशीं बांधला जातो. मात्रा मोठी असेल तर जनावर थोड्याच दिवसांत मरतें, लहान असून पुष्कळ दिवस चालली तर हाडांवर गांठी येतात व दांत बिघडतात. डेन्मार्कच्या काय रोहोल्म या वैद्यानें फ्लोरिनच्या विषबाधेवर इ. स. १९३७ मध्यें जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत आइसलंडच्या या रोगाची संगति लाविली. पुढें इ. स. १९७० मध्यें त्याच बेटांतील हेक्ला ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हां गवतांतील फ्लोरिन प्रत्यक्ष मोजण्यांत आला. वाळलेल्या गवताच्या दशलक्ष भागांत सुमारें २५० भाग फ्लोरिन असेल तर तें मेंढीस थोड्या दिवसांत मारण्यास पुरतें, असें दिसून आलें. आणि त्या वर्षीं हजारों मेंढ्या दगावल्या. लाकीच्या उद्रेकांत बाहेर पडलेल्या फ्लोरिनचें प्रमाण कित्येक दशलक्ष टन होतें. तेव्हां पाद्र्यानें वर्णिलेल्या गांठी या दृष्टिभ्रम नव्हत्या. तीं एका निश्चित विषाचीं निश्चित लक्षणें होतीं.

आतां तिसरा आक्षेप, म्हणजे साक्षीदारांतील विसंवाद. युरोपांतील साक्षी काय म्हणतात तें पाहूं. हॉलंडच्या उत्तर भागांत ब्रुगमान्स नांवाच्या तरुण विद्वानानें ता. २४ जून १७८३ च्या गंधकमिश्रित धुक्यावर त्याच वर्षीं निबंध प्रसिद्ध केला. त्यांत गंधकाचा वास व झाडांच्या पानांची झालेली हानि यांचें वर्णन आहे. बेंजामिन फ्रॅंक्लिन त्या वेळीं पॅरिसजवळ अमेरिकेचा वकील होता. त्यानें त्या उन्हाळ्यांतील कोरड्या धुक्याविषयीं व सूर्यकिरणांच्या मंदपणाविषयीं एक टिपण लिहिलें, तें ता. २२ डिसेंबर १७८४ रोजीं मॅंचेस्टरच्या वाङ्मय व तत्त्वज्ञान विषयक सभेपुढें वाचलें गेलें. धुक्याचें मूळ आइसलंडांतील ज्वालामुखींत असावें, ही शक्यता त्यानें त्यांत बोलून दाखविली. या मंडळींस दाहक पाऊस दिसला नाहीं, हें खरें. परंतु वर सांगितलेल्या नियमावरून पाहतां तो त्यांस दिसणें अपेक्षितच नव्हतें. दाहक थेंब बनविणारे दोन वायु आइसलंडच्या पावसानें आइसलंडांतच उतरविले होते. हॉलंडपर्यंत व पॅरिसपर्यंत पोंचला तो मंदगति गंधक, आणि तोही तेजाबाच्या अतिसूक्ष्म कणांच्या रूपानें. अशा कणांचें धुकें साध्या धुक्यासारखें ओलें लागत नाहीं, म्हणून तें कोरडें भासलें. सारांश, जवळच्याची साक्ष दाहाची व दूरच्याची साक्ष धुक्याची, यांत विरोध नसून अंतराप्रमाणें एकाच कारणाचे दोन परिणाम आहेत. दोन कागद एकमेकांशीं जुळले नाहींत कीं त्यांपैकीं एक खोटा, ही घाई अशा ठिकाणीं किती घातक होईल तें उघड आहे.

या मॅंचेस्टरच्या सभेचा पुढेंही एक संबंध येतो. गिरण्यांच्या धुरानें पाऊस आम्ल होतो, हें मॅंचेस्टरच्याच रॉबर्ट ॲंगस स्मिथ या रसायनवेत्त्यानें इ. स. १८५२ मध्यें त्याच सभेच्या निबंधसंग्रहांत दाखविलें व इ. स. १८७२ मध्यें हवा आणि पाऊस या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. आम्लवृष्टि हा शब्द रूढ होण्यास हाच ग्रंथ कारण झाला. म्हणजे ज्या सभेंत ज्वालामुखीचें धुकें प्रथम तर्कानें चर्चिलें गेलें, तिच्यांतच सुमारें सत्तर वर्षांनीं पावसाच्या आम्लतेचें मोजमाप सुरू झालें. मात्र गिरणीच्या धुरावरून ज्वालामुखीच्या पावसाची जुनी साक्ष तपासावी, ही बुद्धि व्हावयास आणखी बराच काळ जावा लागला.

पाद्र्याचा लेख व युरोपीय टिपणें यांशिवाय एक तिसरें साधन उपलब्ध झालें आहे व तें सर्वांत अस्सल म्हणावें लागेल. ग्रीनलंडच्या पठारावर दरसाल पडणारें बर्फ थरावर थर सांचत जातें व प्रत्येक थरांत त्या वर्षीच्या वृष्टीचें रसायन जसेंच्या तसें राहतें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हें बर्फ खोल छिद्रें पाडून बाहेर काढण्यांत आलें, तेव्हां इ. स. १७८३ च्या थरांत गंधकाच्या तेजाबाची ठळक खूण सांपडली. हा दस्तऐवज कोणा कारकुनानें लिहिला नाहीं, कोणा नकलकारानें त्यांत भर घातली नाहीं, व कोणत्याही पंथाचा त्यास अभिमान नाहीं. या व इतर पुराव्यांवरून थोर्वाल्दुर थोर्दार्सन व स्टीफन सेल्फ या भूगर्भशास्त्रज्ञांनीं हिशेब मांडला आहे. त्याप्रमाणें लाकीच्या उद्रेकांत सुमारें १२ कोटि २० लक्ष टन सल्फर डायॉक्साइड हवेंत गेला.

अन्यत्र घडलेले प्रसंगही याच बाजूस साक्ष देतात. जून १९१२ मध्यें अलास्कांत काटमाई पर्वताजवळ प्रचंड उद्रेक झाला; त्या वेळीं शेंकडों किलोमीटर दूर असलेल्या सूअर्ड व कॉर्डोव्हा या गांवीं पडलेल्या पावसानें लोकांच्या अंगाची आग झाल्याची नोंद आहे. हवाई बेटांत किलौएया ज्वालामुखीच्या धुरामुळें पाऊस आम्ल होतो व तेथील कित्येक घरीं छपरावरचें पाणी टांक्यांत सांठवून पिण्याची रीत आहे. इ. स. १९८८ मध्यें कोना भागांतील असलीं घरें तपासलीं, तेव्हां सुमारें शेंकडा ४० घरांच्या पाण्यांत शिसें आढळलें. शिसें ज्वालामुखींतून आलें नव्हतें. आम्ल पावसानें तें छपराच्या व नळाच्या धातूंतून विरघळवून आणलें होतें. पाऊस दिसावयास स्वच्छ, चवीस बहुधा साधा, आणि पोटांत मात्र विष. अशा ठिकाणीं दाह न होणें हेंच अधिक धोक्याचें. आइसलंडच्या पाद्र्याचा लेख खोटा म्हणून मिटवून ठेवण्याचें मोल पुढच्या पिढीस द्यावें लागतें तें असें. राखेनंतरचें गवत व पाणी वर्ज्य करावें, जनावरें गोठ्यांत बांधून सांठवणीचा चारा घालावा, हा उपदेश आज आइसलंडांत उद्रेकाच्या प्रसंगीं केला जातो. त्याच्या मुळाशीं अशाच जुन्या हकीकती आहेत.

येथवर साक्षीच्या बाजूनें बोललों. आतां तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. लाव्हारस प्रार्थनेनें थांबला, किंवा उद्रेक पापाची शिक्षा म्हणून झाला, हीं लेखकाचीं अनुमानें आहेत. त्यांस रसायनशास्त्राचा आधार नाहीं व तो मागण्याचें कारणही नाहीं. मनुष्यांच्या मृत्यूंविषयींही जपावें. जनावरांच्या बाबतींत फ्लोरिनचा पुरावा स्पष्ट आहे. माणसें मात्र मुख्यतः जनावरें मेल्यामुळें आलेल्या उपासमारीनें व तीपाठोपाठच्या रोगांनीं मेलीं, आणि लेखकानें वर्णिलेलीं हिरड्यांचीं कांहीं लक्षणें भाजीपाल्याच्या अभावीं होणाऱ्या स्कर्व्ही रोगाशीं अधिक जुळतात.

आमच्या देशाच्या संबंधांत ही मर्यादा विशेष लक्षांत ठेवावी. विक्रम संवत् १८४०, म्हणजे इ. स. १७८३–८४, या वर्षीं उत्तर हिंदुस्थानांत जो घोर दुष्काळ पडला, तो संवतावरून ‘चालीसा’ या नांवानें प्रसिद्ध आहे. महादजी शिंदे यांनीं इ. स. १७८४ मध्यें दिल्लीच्या बादशाहाकडून पेशव्यांच्या नांवें वकील-इ-मुतलकीचें पद मिळविलें, तें याच उद्ध्वस्त मुलखांत. लाकीच्या धुरामुळें उत्तर गोलार्ध थंडावून आफ्रिकेचा व हिंदुस्थानचा मोसमी पाऊस दुर्बल झाला असावा, असें इ. स. २००६ मध्यें हवामानाच्या गणिती प्रतिमानांवरून प्रतिपादिलें गेलें आहे. नाईल नदीचा पूरही १७८३ सालीं कमी आला होता. परंतु उत्तर हिंदुस्थानांतील अवर्षणाचा आरंभ त्याच्या आदल्या वर्षींच झाला होता. तेव्हां लाकीनें चालीसा आणला असें म्हणणें म्हणजे कार्याच्या मागून कारण उभें करणें होय. त्यानें अवर्षणांत भर घातली असणें संभवतें, याहून पुढें सध्यां जाऊं नये. जवळच्या पावसाचें रसायन ही सिद्ध गोष्ट व दूरच्या पावसाची तूट ही संभाव्य गोष्ट. दोहोंस एका तागडींत घालूं नये.

तथापि महाराष्ट्राचा एक संबंध नि:संशय आहे. सह्याद्रीचे पायऱ्यापायऱ्यांचे कडे, ज्यांवर आमचे किल्ले उभे आहेत व ज्यांत आमचीं लेणीं कोरलीं आहेत, ते सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भेगांतून वाहिलेल्या लाव्हारसाचे थर आहेत. लाकीप्रमाणेंच तेथेंही जमीन फाटून काळा पाषाणरस पसरला. फरक इतकाच कीं, लाकीचा सर्व रस १५ घन किलोमीटर, तर दक्खनच्या कांहीं एकेका प्रवाहाचें घनफळ शेंकडों घन किलोमीटर भरतें. मनुष्यानें डोळ्यांनीं पाहून नोंदलेल्या उद्रेकांत आमच्या भूमीच्या जन्मप्रकाराशीं जवळचें साम्य असलेला उद्रेक म्हणून भूगर्भशास्त्रज्ञ लाकीकडे पाहतात. त्या आद्य काळीं या भूमीवर पडलेल्या पावसास साक्षीदार नव्हता; तो कसा असावा याचा विचार करणारास आज ज्या थोड्या लेखांचा आधार घ्यावा लागतो, त्यांत आइसलंडच्या पाद्र्याचा लेख आहे.

वरील विवेचनावरून जो नियम निघतो तो असा. विलक्षण नैसर्गिक घटनेचें वर्णन साधनांत आलें असतां लेखकानें काय पाहिलें व त्याचें कारण काय मानलें हे दोन भाग प्रथम वेगळे करावे. मानलेलें कारण त्याच्या काळाचें असतें. पाहिलेली वस्तु काळाची बांधलेली नसते. मग पाहिलेल्या भागांत कांहीं निरुपयोगी दिसणारा, परंतु नेमका तपशील आहे काय तें शोधावें. कातरलेल्या मेंढीसारखा तपशील सांपडला तर साक्षीचें वजन वाढतें, आणि सर्वच वर्णन गुळगुळीत व ठरीव सांच्याचें असेल तर तें घटतें. शेवटीं निरनिराळ्या साक्षींत विरोध दिसल्यास साक्षीदार कोठें उभा होता हें आधीं पाहावें व खोटेपणाचा निर्णय मागाहून द्यावा. आमच्या बखरींतील सर्वच उत्पात या कसोटीस उतरतील असें नाहीं. पुष्कळसे उतरणार नाहींत, आणि ते टाकून देण्यास आम्हांस संकोच वाटणार नाहीं. परंतु जे उतरतील त्यांस इतिहासांत स्थान मिळालें पाहिजे. त्यांत कोणत्या गांवचें पाणी कधीं बिघडलें, कोणतें गवत करपलें व त्यामुळें कोण उपाशी मेलें हें लिहिलेलें असतें; आणि तें लिहिणारा गेल्यावर तें सांगणारें दुसरें कोणी उरलेलें नसतें.